गाडीचा रकाना

(एका स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा लिखित पाठ)



सरांचं नाव माझ्या मागच्या फलकावर आहे. मी त्यांना शेवटपर्यंत नुसतं ‘सर’च म्हणत आलो, तेव्हा आजही तसंच म्हणेन. विषय कळवा म्हणून वाचनालयातून फोन आला, तेव्हा मी चार दिवस मागून घेतले. सरांच्या नावाने बोलायचं तर रसायनशास्त्रावर बोलायला हवं, आणि ते मला येत नाही. ते का येत नाही, हीच हकीकत सांगावी असं मग ठरवलं.

मी १९७८ साली दहावी झालो. आपला जिल्हा तेव्हा कुलाबा होता. रायगड हे नाव १ जानेवारी १९८१ पासूनचं. आमचं घर मुरूड तालुक्यात, खाडीच्या काठाला. घरामागे चार गुंठ्यांची वाडी, वाडीच्या खालच्या अंगाला खाजण आणि खाजणाच्या कडेने तिवरांची दाटी. माझा सगळा जीव त्या तिवरांमध्ये. पानाला जीभ लावली की मीठ लागायचं. झाडाभोवतीच्या चिखलातून बोटभर मुळं उलटी वर आलेली असायची. भरतीला ती बुडायची आणि ओहोटीला परत उघडी पडायची. झाडाची मुळं वर का येतात, असं मी घरात सगळ्यांना विचारत असे. वनस्पतिशास्त्र नावाचा विषय असतो, त्यात याचं उत्तर असतं, हे नववीत कळलं आणि तोच विषय घ्यायचा हे त्या दिवशीच मनात पक्कं झालं.

कॉलेज गावापासून एसटीने दीड तासावर. विज्ञान शाखेची प्रात्यक्षिकं दुपारी दोन ते पाच. आमच्याकडची शेवटची गाडी साडेचारला सुटायची. ती चुकली तर स्टँडवर रात्र काढायची, कारण तिथे ना कुणी नातेवाईक, ना खोली घ्यायला पैसे. अर्ज भरायला वडील माझ्यासोबत आले होते. खिडकीपाशी त्यांनी विचारलं, “मुलाला साडेचारची गाडी आहे, कसं जमायचं?” आतून उत्तर आलं की आर्ट्‌सचे तास दीडला सुटतात. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. विषय ठरायला एवढाच वेळ लागला.

पुढे मी अर्थशास्त्र शिकलो, ३३ वर्षं तेच शिकवलं आणि त्या विषयाने मला पोटच्या पोरासारखं सांभाळलं. त्याच्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही. पण माझा विषय मी निवडला नव्हता आणि वडिलांनीही निवडला नव्हता. तो एसटीच्या वेळापत्रकाने निवडला. ३३ वर्षं वर्गात उभं राहून समोरच्या मुलांकडे बघताना मला सारखं वाटत आलं की यांतल्या किती जणांचं असंच झालं असेल.

बारावीचा निकाल लागला, टीवायचं शेवटचं सत्र संपलं, की घरात येणारा पाहुणा पाण्याचा तांब्या खाली ठेवायच्या आत विचारतो, “मग, पुढे काय?” त्या प्रश्नात माया असते, मी ती नाकारत नाही. पण त्याच्या जोडीचा दुसरा प्रश्न आपण कुणीच विचारत नाही. वेळ कुठून आणणार? या किनाऱ्यावर शिकणाऱ्या पोरासाठी हा दुसरा प्रश्न आधीचा आहे आणि पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा त्यातूनच निघतं. आज मला एवढंच मांडायचं आहे.

आपल्याकडचं वर्ष कसं जातं ते बघा. १ जून ते ३१ जुलै समुद्रात मासेमारी बंद. होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात, माणसं जाळी विणायला बसलेली असतात. कॉलेज नेमकं तेव्हा सुरू होतं, म्हणून जून-जुलैत कोळीवाड्यातली मुलं वर्गात भरपूर दिसतात. शेतकऱ्यांची मुलं मात्र जुलैत लावणीला गेलेली असतात. ती परत येतात तोवर ऑगस्ट उजाडतो, नारळी पौर्णिमा होते, होड्या पाण्यात जातात आणि पुढचे बाक रिकामे व्हायला लागतात. ऑक्टोबरात भातकापणी, आणि तेव्हाच पहिल्या सत्राची परीक्षा. दिवाळी झाली की नागाव, काशीद, दिवेआगर, हरिहरेश्वर गाड्यांनी भरून जातं. ज्यांच्या घरी पाहुण्यांसाठी दोन खोल्या काढलेल्या आहेत त्यांच्या पोरींचे शनिवार-रविवार चादरी धुण्यात आणि मोदक वळण्यात जातात. फेब्रुवारी-मार्चमध्ये अलिबागेकडे पांढरा कांदा निघतो. त्याच्या माळा विणायला बोटं लागतात आणि घरातली सगळ्यांत चपळ बोटं कॉलेजात जाणाऱ्यांचीच असतात. एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा, आणि बाहेर आंबा.

या पंचांगाला विद्यापीठाच्या वेळापत्रकात जागा नाही. पंचाहत्तर टक्के हजेरी भरली नाही म्हणून यादीत नाव लागलेल्या मुलांना मी स्वतः बोललो आहे आणि त्यांतल्या काहींना मी चुकीचं बोललो, याची आज मला बोच आहे. एक मुलगा ऑगस्टनंतर दिसेनासा झाला. मी त्याला आळशी ठरवून मोकळा झालो. डिसेंबरात बंदरावर मासळी घ्यायला गेलो तर तो होडीतून बर्फाच्या पेट्या उतरवत होता. मला बघून त्याने हातातली पेटी खाली ठेवली आणि म्हणाला, “सर, मागणीचा नियम अर्धा राहिलाय तेवढा सांगाल का?” मी तिथेच, भिजलेल्या फळीवर बसून सांगितला. लिलाव समोरच चालला होता, उदाहरणं शोधावी लागली नाहीत.

गेल्या पावसाळ्यात मी अभ्यासिकेत आठवड्यातून दोन संध्याकाळी बसत होतो. तिथे टीवायबीकॉमची एक मुलगी यायची. तिने एकदा विचारलं, “सर, एम.कॉम. करू, सी.ए.ला बसू, की बँकेच्या परीक्षा देऊ?” मी म्हटलं, आधी तुझा आठवडा लिही. तिने वहीचं मधलं पान उघडलं आणि लिहायला लागली. पहाटे पाचला उठणं, आई बाजारात जायच्या आत पाणी भरणं, भाकऱ्या, सहा पन्नासची गाडी, सव्वाआठ ते पावणेएक तास, अडीचला घरी, चारला होडी लागली तर बंदरावर हिशेबाला, रात्री नऊनंतर अभ्यास, डोळे उघडे असतील तर.

नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे एका सत्राला साधारण २२ क्रेडिट असतात. एक क्रेडिट म्हणजे वर्गातले १५ तास; प्रात्यक्षिक असेल तर ३०. सगळं वर्गातलं धरलं तरी सत्राचे ३३० तास होतात, म्हणजे १५ आठवड्यांत आठवड्याला २२. आता तिचा प्रवास. जाऊन येऊन रोज तीन तास, सहा दिवसांचे १८. शिकायचे २२ तास आणि गाडीचे १८ तास. प्रवासाला क्रेडिट कुणी देत नाही. मुंबईत हॉस्टेलवर राहणारं पोर आणि ही मुलगी एकाच परीक्षेला बसतात. तिच्या प्रश्नपत्रिकेवर हे अठरा तास कुठेच छापलेले नसतात.

पण मी थांबलो ते दुसऱ्याच गोष्टीवर. आठवडा लिहून झाल्यावर तिने वही मिटली आणि ती उलटी पडली. मागच्या बाजूने दुसरीच वही सुरू होत होती. डिझेल, बर्फ, राशन, खलाशांचे वाटे, लिलावाचा आकडा, राहिलेले पैसे. प्रत्येक फेरीचं एक पान. अकरावीपासून ती वडिलांच्या होडीचा हिशेब ठेवत होती. काही पानांच्या तळाशी पेन्सिलीने बारीक आकडेमोड होती: डिझेल वाढल्यावर किती मासळी मिळाली तर फेरी परवडते. मी विचारलं, हे कुणी सांगितलं करायला? म्हणाली, “कुणी नाही. मलाच बघायचं होतं.” ती ज्याला अभ्यास म्हणत होती तो वहीच्या पुढच्या बाजूला होता आणि तिथे तिचं अक्षर घाईचं होतं. मागच्या बाजूचं अक्षर रेखीव.

मुलांनो, पुढे काय शिकायचं हे ठरवताना मी तुम्हाला एकच गोष्ट बघायला सांगेन. दमून आल्यावर, कुणी सांगितलेलं नसताना, तुमचा हात कशाकडे जातो? प्रवेश अर्जात तुम्ही काहीही लिहा, विषय तिथे ठरलेला असतो. तो घेता येईल की नाही हा पुढचा प्रश्न, आणि तो एकट्या तुमच्या अंगावर टाकायचा नाही, तो आम्हा सगळ्यांचा आहे.

आता मी आपल्याच जिल्ह्यातल्या दोन मुलांकडे वळतो. एक जन्मला ११ सप्टेंबर १८९५ ला, पेण तालुक्यातल्या गागोद्याला. दुसरा १४ जानेवारी १८९६ ला, रायगडाच्या पायथ्याजवळच्या नात्याला, आणि वाढला रोह्याला. दोघांमध्ये चार महिन्यांचं अंतर. पहिले विनोबा भावे, दुसरे चिंतामणराव देशमुख.

चिंतामणराव १९१२ साली मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली. असा मुलगा संस्कृतच शिकणार, असं कुणालाही वाटावं. ते केंब्रिजला गेले आणि निसर्गविज्ञान शिकले: वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, भूगर्भशास्त्र. वनस्पतिशास्त्रात तिथलं पारितोषिक घेतलं. माझ्या मनातला विषय रोह्याचा एक मुलगा साठ वर्षांपूर्वी केंब्रिजला शिकून आला होता, हे मी पुढे वाचलं तेव्हा मला उगाचच आनंद झाला होता. मग १९१८ साली आय.सी.एस.च्या परीक्षेत ते पहिले आले आणि वनस्पती मागे राहिल्या. १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे केंद्रात अर्थमंत्री, कुलाब्यातून लोकसभेवर निवडून गेलेले. १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी ते पद सोडलं. एवढ्या धबडग्यात संस्कृत कुठे गेलं? कुठेही गेलं नाही. मेघदूताचा मराठी अनुवाद त्यांनी केला, गांधीजींची वचनं संस्कृत श्लोकांत आणली आणि १९६९ साली स्वतःच्या संस्कृत कवितांचा संग्रह काढला. शाळेतला विषय सत्तरी ओलांडल्यावरही त्यांच्यापाशी होता.

विनोबांचं बरोबर उलटं दिसतं. वडील नोकरीला बडोद्यात, त्यांच्या इच्छेने शाळेत फ्रेंच घेतलेली. आईला वाटे मुलाने संस्कृत शिकावं. मार्च १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेला मुंबईला निघालेले विनोबा सुरतेला गाडीतून उतरले आणि काशीची वाट धरली. त्याआधी घरच्या चुलीत त्यांनी आपली प्रमाणपत्रं जाळून टाकलेली होती. ही गोष्ट आपल्याला सगळ्यांना ठाऊक असते आणि आपण तिथेच थांबतो. त्या चुलीच्या गोष्टीने मुलांना वाटतं की शिक्षण सोडणं ही मोठेपणाची पहिली पायरी आहे. पुढचं ऐका. काशीत ते संस्कृत शिकले. जूनमध्ये कोचरबच्या आश्रमात गांधीजींकडे गेले. आणि पुढच्याच वर्षी गांधीजींकडून एक वर्षाची रजा घेऊन ते वाईला प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्याकडे जाऊन बसले: उपनिषदं, ब्रह्मसूत्रं, शांकरभाष्य. वर्ष पुरं झाल्यावर ठरल्याप्रमाणे परत हजर. पुढे वेल्लोरच्या तुरुंगात ते दक्षिणेतल्या चारही भाषा शिकले. ज्यांनी परीक्षा सोडली त्यांनी अभ्यास एक दिवसही सोडला नाही. आणि आईला हवं असलेलं संस्कृत, जे शाळेच्या वेळापत्रकात बसलं नव्हतं, त्याच्यातून आईसाठी मराठीत गीताई आली.

या दोघांची मी तुलना करत नाही, तशी ती होणारही नाही. मला त्यांच्यात सारखी एकच गोष्ट दिसते. दोघांकडून एकेक आवडीचा विषय लहान वयात बाजूला पडला, किंवा पाडला गेला, आणि दोघांनी आयुष्याच्या वेळात त्याच्यासाठी जागा ठेवली. कुणी ती गव्हर्नरच्या टेबलावर ठेवली, कुणी तुरुंगात. सोळाव्या किंवा एकविसाव्या वर्षी चुकीची ओळ भरली म्हणून तुमचा विषय तुम्हाला सोडून जात नाही. मी माझ्यापुरतं सांगतो. निवृत्तीनंतर सहा वर्षं मी आमच्या खाजणातल्या तिवर, चिप्पी, कांदळ यांच्या नोंदी ठेवतो आहे. फुलं कधी येतात, रोपं कुठे रुजतात, बांध फुटल्यावर काय मरतं. मुळं वर का येतात तेही आता मला माहीत आहे: चिखलात हवा नसते, म्हणून झाड ओहोटीत वरच्या मुळांनी हवा घेतं. चाळीस वर्षं उशिरा मिळालेलं उत्तर आहे. तरी ते कळलं तेव्हा मी दहावीतल्यासारखा धावत घरी येऊन बायकोला सांगितलं.

पण आपल्या आवडीचा विषय पन्नाशीत भेटेल, असं तरुण पोरांना सांगून हात झटकणं हा अन्याय होईल. वेळेचा प्रश्न संस्थांनी सोडवायचा असतो आणि या महाराष्ट्रात तो सोडवणारी माणसं होऊन गेली आहेत.

बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढलं, तेव्हा दिवसा नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावं म्हणून सकाळचे वर्ग ठेवले. महाडच्या तळ्यावर पाण्याचा हक्क मागणाऱ्या या माणसाला ठाऊक होतं की दार उघडून भागत नाही, ज्याला आत यायचं त्याला कधी यायला जमेल तेही बघावं लागतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली साताऱ्यात शिवाजी महाविद्यालय सुरू केलं, ते ‘कमवा आणि शिका’ या पायावर. मुलाने काम करायचं आहे हे गृहीत धरून तिथे वेळापत्रक बांधलं गेलं. १९६२ साली दिल्ली विद्यापीठात पत्रद्वारा शिक्षण सुरू झालं, आणि त्याच वर्षी त्या विद्यापीठाचे कुलगुरू झाले आपले चिंतामणराव. त्याआधी ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ स्थापन झालं. त्याच्या रविवारच्या संपर्कवर्गांनी या किनाऱ्यावरच्या किती बायकांना पदवी दिली, हे त्या बायकांच्या घरी टांगलेल्या फ्रेमा मोजल्याशिवाय कळायचं नाही.

त्यांतल्या एकीबद्दल सांगतो. श्रीवर्धनकडची. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा ती एसवायला होती. घरची सुपारीची वाडी एका दुपारात आडवी झाली. पोफळ लावल्यापासून हाती सुपारी यायला सहा-सात वर्षं जातात. घरातलं उत्पन्न थांबलं, तिचं कॉलेजही थांबलं, मग लग्न झालं. तीन वर्षांनी तिने मुक्त विद्यापीठाचा अर्ज भरला. मी कौतुक केलं तर म्हणाली, “बाग उभी राहायला वेळ लागणारच आहे सर. तेवढ्यात माझं बी.ए. होतंय.” नव्या रोपांना पाणी घालायची तिची पाळी पहाटे असते. पुस्तक ती तिथे घेऊन जाते, पाटाच्या कडेला बसते आणि एका रांगेला पाणी पोचेपर्यंत दोन पानं वाचते.

नव्या धोरणाकडे मी आशेने बघतो. २०२४-२५ पासून ते आपल्या संलग्न महाविद्यालयांतही आलं. मिळवलेले क्रेडिट आता खात्यावर जमा राहतात, मध्ये खंड पडला तरी परत येता येतं. २०२२ पासून एकाच वेळी दोन पदव्याही करता येतात, एक वर्गात बसून आणि दुसरी दूरस्थ पद्धतीने. होडीचा हिशेब ठेवणाऱ्या त्या मुलीला हे वरदान होऊ शकतं. पण माझी काळजी दोन ठिकाणी आहे आणि ती मी इथे मोकळेपणी बोलतो.

मुख्य विषय, दुय्यम विषय, खुला ऐच्छिक, कौशल्याचा, भाषेचा, मूल्यशिक्षणाचा, भारतीय ज्ञानपरंपरेचा, अशा एवढ्या घड्या एका दिवसात बसवायच्या तर लहान महाविद्यालयात तासांमध्ये भोकं पडतात. नऊला एक तास, मग बारापर्यंत काही नाही, मग दोन तास. शहरातलं मूल मधल्या वेळात घरी जाऊन येतं. आपलं मूल स्टँडवर बसतं. वर्गखोल्या आणि शिक्षक किती आहेत हे बघून वेळापत्रक करणारे प्राध्यापक मी पाहिले आहेत, मी स्वतः तसं केलं आहे. मुलं कुठून आणि कशाने येतात हा कागद समोर ठेवून ते फार क्वचित केलं जातं.

दुसरी काळजी मधून बाहेर पडण्याची. एका वर्षानंतर सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा घेऊन जाता येतं. ज्याला परत यायचं आहे त्याच्यासाठी ही सोय आहे. पण ज्या घरात मुलीच्या लग्नाची घाई आहे, तिथे ‘एक वर्षाचं सर्टिफिकेट मिळालं ना, पुरे’ हे वाक्य तयार होईल, झालंही आहे. आई-वडिलांना हात जोडून सांगतो, ते दार परत आत येण्यासाठी ठेवलेलं आहे.

आणि पोलीस भरती. पहाटे वाळूवर धावणारी मुलं बघून माझं मन भरून येतं. त्यांच्या कष्टाला मी नमस्कार करतो. पण चार-चार वर्षं नुसती भरतीची वाट बघत, कॉलेज नावापुरतं ठेवून, वयाची अट संपेपर्यंत थांबलेली मुलं मी पाहिली आहेत. धावा, जरूर धावा. धावून आल्यावरचा एक तास कशाला तरी द्या, जे भरती झाली नाही तरी तुमचं राहील.

जवळ काय आहे हे बघायचीही आपल्याला सवय नाही. अलिबागेत समुद्राकडे जाताना चुंबकीय वेधशाळा लागते. कितीतरी मुलं तिच्या कुंपणावरून रोज जातात आणि आत काय चालतं हे त्यांना ठाऊक नसतं. पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी मुंबईत कुलाब्याला १८४१ पासून होत होती. शहरात विजेवरच्या ट्राम येणार म्हटल्यावर तिथले सूक्ष्म वेध बिघडणार, म्हणून नानाभाई मूस या संचालकांनी अलिबागची जागा पक्की केली, आणि १९०४ पासून ते काम इथे चालू आहे. चुंबकाला न ओढणारं साहित्य निवडून ती इमारत बांधली. आज ती भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे, आणि त्या संस्थेचं मुख्यालय आपल्याच जिल्ह्यात, पनवेलला. भौतिकशास्त्र घेतलेल्या मुलीला ‘पुढे काय’ असं विचारताना या कुंपणाकडे बोट दाखवणारं तिच्या घरी कुणीतरी असावं, असं मला फार वाटतं. अलिबागेत २०२१ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, लोणेऱ्याला बाबासाहेबांच्या नावाचं तंत्रशास्त्र विद्यापीठ १९८९ पासून आहे. दूर जायला मी कुणाला अडवत नाही. पण दूर जाणं परवडत नाही म्हणून शिकणंच सोडू नका. आधी कुंपणाच्या आत डोकावून या.

आता सरांकडे येतो.

मी आर्ट्‌सला गेलो त्या वर्षीच्या पावसाळ्यात सरांनी मला पायऱ्यांवर थांबवलं. ते रसायनशास्त्र शिकवायचे, त्यांचा माझा तसा संबंध नव्हता. दहावीच्या गुणांची यादी त्यांनी पाहिली होती. विज्ञानात एवढे गुण असून आर्ट्‌स का, त्यांनी विचारलं. मी साडेचारच्या गाडीचं सांगितलं. ते काहीच बोलले नाहीत. “बरं” म्हणाले आणि निघून गेले. मला वाटलं, विसरले.

पुढच्या काही महिन्यांत ते सुट्टीच्या दिवशी स्टँडवर दिसायचे. कंट्रोलरच्या खिडकीपाशी उभे राहून वहीत काही लिहून घ्यायचे. हे मला त्या वेळी कळलं नाही; सांगणारा कंडक्टर आमच्या गावचा होता. १९८० च्या जूनमध्ये कॉलेजात एक नवीन तुकडी झाली, गाडीने येणाऱ्या मुलांची. त्यांची प्रात्यक्षिकं सकाळी आठला ठेवली. प्रयोगशाळेतला परिचर दहाला यायचा, म्हणून सर स्वतः साडेसातला कुलूप काढायचे, ब्युरेट मांडायचे, पाणी भरायचे. हे त्यांनी निवृत्त होईपर्यंत केलं. त्याचा पगार वेगळा नव्हता.

माझ्यासाठी उशीर झाला होता, पण १९८१ मध्ये माझी धाकटी बहीण दहावी झाली आणि विज्ञानाला गेली. ती रसायनशास्त्रात बी.एस्सी. झाली आणि तिने शाळेत विज्ञान शिकवलं. या व्याख्यानाचं कळल्यावर तिने मला एक कागद पाठवला. त्या तुकडीचं वेळापत्रक, सरांच्या अक्षरातलं, निळ्या शाईचं, घड्यांवर फाटलेलं आणि मागून पट्टी लावून जोडलेलं. त्यात वार आहे, तास आहे, विषय आहे, खोली आहे. आणि सगळ्यांत उजवीकडे त्यांनी पट्टीने आखलेला आणखी एक रकाना आहे, त्याच्या डोक्यावर लिहिलंय: ‘गाडी’. सोमवारच्या ओळीत त्या रकान्याखाली एवढंच आहे: मुरूड, १.१०. बारा पन्नासला सोडणे.